ओठ मिटलेच नाहीत

"चेल्ले, इटु रा," असं माझी नात मला म्हणाली आणि तिनं उजव्या हाताची दोन बोटं आपल्याच डाव्या खांद्यावर दोनदा आपटली.

मी पाटावरून उठून तिच्या अंगावर गेले. गेले म्हणजे पडलेच. तेवढ्यात पाठीमागं जमीन हादरली. मला ऐकू येत नाही, पण हादरा तळपायाला कळतो. मागं वळून बघितलं तर पाटाचे दोन तुकडे झालेले, आणि त्यावर छताच्या स्लॅबचा भला मोठा ढलपा, त्यातून गंजलेली सळई बाहेर आलेली. धुरळ्यानं खोली पांढरी झाली. एका क्षणापूर्वी माझं डोकं तिथं होतं.

मी नातीला धरून हलवलं. "तुला कसं कळलं?"

"काय कळलं?"

"तू मला बोलावलंस की!"

"मी कुठं बोलावलं आज्जी? मी हम्मुराबी सांगत होते..."

एवढीच गोष्ट आहे. बाकीचं सगळं ती समजून घेण्याची खटपट. वाचकांनो, ती खटपट अजून चालू आहे, म्हणून हे लिहिते आहे. कागदावर मी लिहिलं, नातीनं मोबाईलवर टाईप केलं. शुद्धलेखन तिचं, मजकूर माझा. तिनं दोन ठिकाणी 'थरथरत्या हातांनी' असं घातलं होतं, ते मी काढायला लावलं. माझे हात थरथरत नाहीत.

भुताखेतावर माझा विश्वास कधी नव्हता. आमच्या गल्लीत कुणाच्या अंगात आलं की मी घरी येऊन भाकरी थापायला घ्यायचे. माझं शिक्षण चौथी पास. पण चौथी पास बाईलाही डोळे असतात, आणि माझे डोळे इतरांपेक्षा जास्त कामाचे आहेत. ते का, हे आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही.

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या बाजूला आमचं घर. जुन्या चाळीतल्या दोन खोल्या, वर स्लॅब. मुलगा महेश टॉवेलच्या कारखान्यात, सून रेखा शिवण करते, नात सानिका कॉलेजला, एफवायला. मी सव्वीस वर्षं यंत्रमागाच्या शेडमध्ये कांड्या भरल्या. कांडी म्हणजे मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसते ती सुताची गुंडाळी. बाप्ये मागावर, आम्ही बायका कोपऱ्यात कांडीच्या मशीनवर. चोवीस माग एकदम चालले की तिथं माणसाचा आवाज माणसाला ऐकू येत नाही. ओरडूनही उपयोग नाही. मग बोलायचं कसं? ओठांनी. आवाज न काढता ओठ मोठे करून बोलायचं आणि समोरच्यानं ओठ बघायचे. वीस पावलांवरून आम्ही एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायचो. घाईच्या गोष्टींना हातांच्या खुणा. शेडशेडच्या खुणा वेगळ्या. आमच्या शेडमध्ये दोन बोटं खांद्यावर दोनदा आपटली की अर्थ — मशीनचा पट्टा सुटतोय, तिथून हल.

त्या आवाजानं माझे दोन्ही कान गेले. महेशनं कानाचं यंत्र आणलं, ते शिट्टी मारतं म्हणून मी डब्यात ठेवलं. मला त्याची गरज पडत नाही. बँकेतला साहेब काचेच्या पलीकडं शेजारच्याला काय म्हणतो तेही मला कळतं. त्यानं एकदा माझ्याबद्दल काय म्हटलं ते मी त्याला तोंडावर सांगितलं, तेव्हापासून तो मला बघून तोंडावर हात धरतो.

तर ऑक्टोबरमधली गोष्ट. सानिकाची मिडटर्म आली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी पेपर — प्राचीन जगाचा इतिहास. ह्या पोरीला गणित येतं, इंग्रजी येतं, पण नावं राहत नाहीत. बारावीला तिनं इजिप्तचा राजा चीनमध्ये नेऊन बसवला होता. म्हणून आमची एक पद्धत ठरली आहे. नोट्सची वही माझ्या हातात. ती समोर बसून पाठ म्हणते, मी ओठ वाचते आणि वहीशी ताडून बघते. पुटपुटलेलं मला कळत नाही, त्यामुळं तिला स्पष्टच बोलावं लागतं. आणि स्पष्ट बोललेलं डोक्यात राहतं असा माझा अनुभव आहे. शिवाय ती मोबाईल शेजारी ठेवून स्वतःचा आवाज भरून घेते आणि सकाळी बसमध्ये हेडफोन लावून ऐकते.

जेवणं झाली होती. दुपारचा दीड असेल. लाईट गेलेली. पुढच्या खोलीत मी पाटावर, भिंतीला टेकून. सानिका समोर, दोन हातांवर, सतरंजीवर. रेखा मधल्या दारात ब्लाउजला हुक लावत बसलेली.

इतिहास मला आवडतो, हे आधी मला ठाऊक नव्हतं. ह्या पोरीमुळं कळलं. मेसोपोटेमिया म्हणून एक मुलूख होता, दोन नद्यांच्या मधला. तिथली माणसं ओल्या मातीच्या पाटीवर काडीनं टोचून लिहायची. तिथल्या मंदिरांच्या कारखान्यात बायका कापड विणायच्या आणि मजुरी म्हणून त्यांना जव मिळायचे. हे वहीत आहे, मी वाचलं आहे.

"आणि कांड्या कोण भरायचं?" मी विचारलं.

"आज्जी, ते नोट्समध्ये न्हाय."

"सूत गुंडाळल्याशिवाय विणणार कशा? कुणीतरी बसत असंलच की कोपऱ्यात. विचार तुझ्या सरांना."

"सर म्हणतील, सिलॅबसच्या बाहेरचं हाय."

"आमी नेहमीच सिलॅबसच्या बाहेर," मी म्हटलं. रेखा हसली. पुढं म्हण, असं मी सानिकाला सांगितलं.

मग तिनं इतिहासाची साधनं म्हटली. भौतिक, लिखित, मौखिक. तीन प्रकार, उदाहरणांसह. बरोबर. मग सिंधू संस्कृती. मुद्रा, वजनं, गटारं. तिथली लिपी अजून कुणाला वाचता आलेली नाही. बरोबर. मग बॅबिलोनिया. हम्मुराबी राजा, त्याचे कायदे दगडावर कोरलेले. डोळ्याच्या बदल्यात डोळा. मी वहीत बोट ठेवून होते आणि नजर तिच्या तोंडावर.

आणि तिथं ते झालं.

तिचा चेहरा तसाच. डोळे नेहमी पाठ म्हणताना जसे वर जातात तसे वर गेलेले. फक्त ओठ बदलले. बोलणं बदललं असं मी म्हणत नाही — ओठांची चाल बदलली. प्रत्येक माणसाची ओठांची चाल असते, जशी पायांची असते. सानिका वरचा ओठ कमी हलवते. हे ओठ दोन्ही हलत होते, मोठे, सावकाश, शेडमध्ये हलवतात तसे. "चेल्ले, इटु रा." आणि दोन बोटं खांद्यावर.

मी विचार केला नाही. सव्वीस वर्षं जी खूण दिसली की अंग आधी हलतं आणि डोकं मागून येतं, ती खूण दिसली आणि मी हलले.

संध्याकाळी महेश आला. पडलेलं बघून त्याचं तोंड उतरलं. घर पडून मालक मेला तर बांधणाऱ्याला मृत्युदंड, असा हम्मुराबीचा कायदा होता. स्लॅब पडला तेव्हा सानिका नेमकं तेच वाक्य म्हणत होती. मी म्हटलं, आमचा बांधणारा केव्हाच मेलाय, तो सुटला. कुणी हसलं नाही.

"आई, तुला भास झाला," महेश म्हणाला. "वरून माती गळाली असंल, तुझं अंग आपसूक सरलं, आन् मागनं तुला तसं वाटलं."

"भास मला इतक्या वर्षांत झाला न्हाय, आजच कसा झाला?"

"वय झालं की आई."

"माझं झालं, रेखाचं झालंय का? रेखे, तू काय बघितलंस सांग."

रेखा म्हणाली, "सानूनं खांद्यावर दोनदा चापट मारली, ते बघितलं म्या. मला वाटलं डास चावला."

सानिकाला विचारलं. तिला डास चावल्याचं आठवत नव्हतं. चापट मारल्याचंही आठवत नव्हतं.

मग रेकॉर्डिंग लावलं. मला त्याचा उपयोग नाही, म्हणून मी त्यांना सांगितलं की जे ऐकू येतं ते जसंच्या तसं कागदावर उतरवा. सानिकानं उतरवलं. आवाज तिचाच, कुठंही न थांबता — 'घर पडून मालक मेला तर घर बांधणाऱ्याला मृत्युदंड.' 'मृत्युदंड' ह्या शब्दावर धाडकन आवाज, आणि मग रेखाची किंकाळी. मध्ये दुसरं एक अक्षर नाही.

"बघ," महेश म्हणाला. "ती हेच म्हणत हुती. तू दुसरं वाचलंस. चूक झाली वाचायला, एवढंच."

आता इथं मला राग आला. माझ्या वाचण्याला चूक म्हणायचं म्हणजे गवंड्याला ओळंबा कळत नाही म्हणण्यासारखं आहे. मी त्याला म्हटलं, "आरशापुढं उभा राहा, आन् म्हण — मालक मेला."

"कशाला?"

"म्हण तर."

तो म्हणाला. मी सांगितलं, आता हेच ओठ न मिटता म्हण. त्याला जमेना. 'म' म्हणायचा तर ओठ मिटावेच लागतात. 'प'ला मिटतात, 'ब'ला मिटतात, 'भ'ला मिटतात. तुम्हीही आत्ता करून बघा. 'घर पडून मालक मेला तर घर बांधणाऱ्याला मृत्युदंड' — ह्या एका वाक्यात ओठ पाच वेळा मिटतात. 'चेल्ले, इटु रा' म्हणताना एकदाही मिटत नाहीत. मी सानिकाच्या तोंडाकडं बघत होते. ओठ मिटले नाहीत. एकदाही.

रात्रीच्या भाकरी तशाच राहिल्या आणि आमचं सगळं घर आरशापुढं उभं राहून 'मालक मेला, मालक मेला' करत होतं. शेजारीण डोकावून गेली. तिला वाटलं असेल, घरमालकाचं काही झालं.

शेवटी महेश खाली बसला आणि म्हणाला, "मग आवाज कुणाचा आला?"

"आवाज सानूचा. ओठ दुसऱ्याचे."

"असं कसं व्हईल?"

"ते मला ठाऊक न्हाय. मी काय बघितलं तेवढं सांगितलं."

सानिका अजून आरशापुढंच उभी होती. ती म्हणाली, "आज्जी, 'चेल्ले' म्हणजे काय?"

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक होतं आणि तो येऊ नये असं वाटत होतं.

चेल्ले म्हणजे धाकटी बहीण. तेलुगू शब्द आहे. आमच्या घरात तेलुगू कुणाला येत नाही. इटु रा म्हणजे इकडं ये. मला चेल्ले म्हणणारी बाई जगात एकच होती. अंबुबाई तिचं नाव, मी अंबक्का म्हणायचे. कांडीच्या मशीनवर माझ्या समोर बसायची. नवी म्हणून गेले तेव्हा ओठ वाचायला तिनंच मला शिकवलं. आरशापुढं उभं करून, ओठ न मिटता 'म' म्हणायला लावून. तो आरशाचा खेळ तिचाच.

पुढचं मी घरात कधी कुणाला सांगितलं नव्हतं. त्या रात्री सांगितलं.

एकदा शेडमध्ये मऊ कांड्यांची एक टोपली निघाली. कांडी सैल भरली की धोट्यात सूत तुटतं आणि माग थांबतो. विणकर बोंबलायला लागले. जॉबरनं, म्हणजे शेड सांभाळणाऱ्या माणसानं विचारलं, कुणाच्या? अंबक्कानं माझ्याकडं बोट दाखवलं. मी तिला सगळ्यांसमोर चहाडखोर म्हटलं आणि अबोला धरला.

आता शेडमधला अबोला कसा असतो बघा. बाहेर माणूस अबोला धरतो तेव्हा तोंड बंद ठेवतो. आमच्याकडं तोंड फिरवावं लागतं. कारण बघितलं की ऐकू आलं. मी माझं स्टूल फिरवून तिच्याकडं पाठ करून बसू लागले. तिच्याकडं पाठ म्हणजे वरच्या पट्ट्याकडंही पाठ. त्या काळी एका लांब दांड्यावरून चामड्याच्या पट्ट्यांनी सगळी मशीनं फिरायची. पट्ट्याचा जोड सुटला तर तो सापासारखा उसळून येतो.

आठव्या दिवशी जोड सुटायला लागला. माझ्या पाठीमागं. अंबक्कानं बघितलं. तिनं खूण केली, ओठांनी हाका मारल्या, हे सगळं मला नंतर दुसऱ्या बायकांनी सांगितलं. मी तोंड फिरवून बसले होते. खरं सांगते — डोळ्याच्या कडेला मला तिचा हात हललेला दिसला होता. मला वाटलं, समजूत काढायला आली आहे. मी आणखी फिरले.

मग ती उठली, धावत आली आणि मला ढकललं. पट्टा तिच्या उजव्या हातावर बसला. पहिली दोन बोटं गेली. ज्या दोन बोटांनी सुताला गाठ मारतात आणि ज्या दोन बोटांनी ती खूण करतात, तीच दोन. मला खरचटलंही नाही. तिचं मशीनवरचं काम गेलं. गाठ मारता येत नाही ती बाई कांड्या काय भरणार? विड्याही वळता येईनात.

तिला बघायला दवाखान्यात सगळ्या गेल्या. मी गेले नाही. तिच्या घरीही गेले नाही. आधी लाज वाटली म्हणून, मग उशीर झाला म्हणून. असं करत अडतीस वर्षं गेली. आणि त्या कांड्या माझ्याच होत्या.

रेखानं विचारलं, "त्या... हायत का आता?"

"न्हाय वाटतं," मी म्हटलं. "मेल्याशिवाय कोण असं येतं?"

बघा, विश्वास नाही म्हणणारी मी. पण पहिला विचार हाच आला, की अंबक्का मेली, आणि मेल्यावर आली. रात्रभर तोच विचार. तिनं मला दुसऱ्यांदा हाक मारली आणि ह्या वेळी मी बघितलं, पण तिला ते कळणार कसं? मेलेल्या माणसाला जाऊन काय सांगणार? सांगायचं ते जित्या माणसाला सांगायचं होतं, तेवढी अडतीस वर्षं होती माझ्याकडं.

सकाळी सानिका पेपरला गेली. अकरा ते एक. मी कॉलेजच्या फाटकाबाहेर जाऊन उभी राहिले. ती बाहेर आली.

"कसा गेला?"

"हम्मुराबी आला होता. चार मार्काला."

"लिहिलंस?"

"आज्जी, तो आता मी मेले तरी विसरायची न्हाय."

रिक्षा केली. अंबक्काचं घर विडी घरकुलात, म्हणजे विडी वळणाऱ्या बायकांच्या वसाहतीत, एवढं शेडमधल्या जुन्या एका बाईकडून कळलं होतं. अंबक्का आहे की नाही, हे मी विचारलं नव्हतं. विचारवलं नाही. वाटेत सानिका म्हणाली, "आज्जी, आपल्याकडं साधनं किती हाईत बघ. भौतिक — पाट आन् स्लॅब. मौखिक — माझं रेकॉर्डिंग. लिखित काईच न्हाय."

"मग लिहू की," मी म्हटलं.

घर सापडलं. दार उघडं. मी आधी समोरच्या भिंतीकडं बघितलं. हार घातलेला फोटो होता. जवळ गेले तर फोटो बाप्याचा. अंबक्काचा नवरा.

आणि खाली उंबऱ्याच्या आत अंबाडीची भाजी निवडत एक म्हातारी बसली होती. उजव्या हाताला तीन बोटं.

तिनं वर बघितलं. ओळखलं. आणि तोंड फिरवलं.

वाचकांनो, मी भूत बघायला गेले होते, आणि अबोला तसाच्या तसा जागेवर बसलेला! मला हसू आलं आणि रडूही, पण रडण्याचं मी काही सांगत नाही.

अडचण अशी की तीही माझ्यासारखीच बहिरी. तोंड फिरवलेल्या बहिऱ्या बाईशी बोलणार कसं? मी तिच्या डाव्या बाजूला जाऊन बसले. ती उजवीकडं फिरली. मी उठून उजवीकडं गेले. ती भाजीची परात घेऊन डावीकडं फिरली. तिची सून चहा ठेवता ठेवता थांबून बघत राहिली. सानिका पदरात — म्हणजे ओढणीत — तोंड लपवून हसत होती. तीन फेऱ्या झाल्या. बहात्तर वर्षांची मी, आणि ती अठ्ठ्याहत्तरची.

मग मी थांबले. तिच्या पाठीमागंच, जरा कडेला, जिथून डोळ्याच्या कोपऱ्यात दिसेल अशी बसले आणि माझी दोन बोटं माझ्या खांद्यावर दोनदा आपटली.

तिचा हात परातीत थांबला. ती लगेच वळली नाही. अंबाडीचं एक पान देठापासून तोडलं, ठेवलं, आणि मग वळली.

मी बोलले. आवाज काढला नाही, शेडमध्ये बोलायचो तसं. मी म्हटलं, "त्या दिवशी तुझा हात मला दिसला होता. दिसूनही मी फिरले. कांड्या माझ्याच होत्या."

"ठाऊक हाय," ती म्हणाली. तिचाही आवाज नाही, फक्त ओठ. "मऊ कांड्या तुझ्याच असायच्या. अजून काय?"

मग मी तिला कालचं सगळं सांगितलं. नात, पाट, स्लॅब, चेल्ले, इटु रा. ती ओठ बघत राहिली. सानिका आणि तिची सून नुसत्या उभ्या. त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं. सानिका नंतर म्हणाली, आज्जी, दोन मासे काचेच्या पेटीत बोलतात तसं दिसत होतं.

माझं सांगून झाल्यावर मी विचारलं, "काल दुपारी दीडला तू काय करत हुतीस?"

"झोपले हुते. जेवल्यावर झोपायचं न्हाय तर काय नाचायचं?"

"स्वप्न पडलं का काही?"

"म्हातारपणी स्वप्नं कुटली? पडली तरी कोण ध्यानात ठेवतं."

"माझी आठवण काढली हुतीस का?"

ह्यावर ती मोठ्यानं हसली. हा आवाज मात्र खरा निघाला असावा, कारण दोघी पोरी दचकल्या. "तुझी? मला दुसरा उद्योग न्हाय? सुनेच्या तोंडात न्हाय शिरता येत मला, तुझ्या नातीच्या तोंडात कशाला शिरू?"

तिनं भाजीची अर्धी जुडी उचलून माझ्या पुढ्यात टाकली. निवड, म्हणून. मी निवडायला लागले. थोड्या वेळानं तिनं माझ्या गुडघ्यावर तीन बोटांचा हात ठेवून मला वर बघायला लावलं.

"काल बघितलंस का मग?"

"बघितलं. म्हणून बसलेय हितं."

"मग झालं," ती म्हणाली आणि परातीकडं वळली.

त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते मला कळलं नाही. तिला काही ठाऊक होतं म्हणून ती तसं म्हणाली, की माझं ऐकून म्हणाली? मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तिनं अंबाडीच्या भाजीत लसूण किती घालायचा ते सांगितलं.

आता दर गुरुवारी मी जाते. आम्ही दोघी आवाज न करता बोलतो आणि तिच्या सुनेला वाटतं आम्ही तिच्याबद्दलच बोलतो. बहुतेक वेळा तिचं बरोबर असतं.

सानिकाला त्या पेपरात वीसपैकी सोळा मिळाले. स्लॅब महेशनं दुरुस्त करून घेतला. पाटाचे दोन तुकडे मी टाकू दिलेले नाहीत, ते भौतिक साधन आहे. रेकॉर्डिंगही मोबाईलमध्ये आहे. एका डॉक्टरनं सांगितलं, मेंदू जुनं काहीतरी वर काढतो. असेल. पण माझा मेंदू माझ्या डोक्यात आहे, नातीच्या हातात नाही, आणि तिचा हात रेखानंही बघितला. कुणी सांगितलं, अंबाबाई देवीचा कौल. तेही मला पटत नाही. देवीला आमच्या शेडची खूण कुणी शिकवली?

सिंधू लोकांची लिपी कुणाला वाचता येत नाही, तरी ती होती असं पोरं परीक्षेत लिहितात आणि सर मार्क देतात. मीही तेवढंच म्हणते. होतं. वाचता आलं नाही.

त्या दुपारी खोलीत आम्ही तिघी होतो, तिघी जिवंत आहोत. अंबक्काही आहे. आणि दोन्ही वेळा वाचलेली बाई मीच.